कार्डाची पाठ

पेल्टोसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
लोरेटा, माणूस नको बघूस, कार्डाची पाठ बघ.
पाठीवर पांढरी पट्टी, पट्टीवर सही.
पावतीवरची तिच्याशी ताडायची
आणि मगच पिशवी हातात द्यायची.
सख्खा भाऊ असला तरी.

हॅनकॉकसारख्या गावात हे हसण्यासारखंच.
इथं कुणाच्या दाराला कुठल्या मापाची बिजागरी लागते
ते मला तोंडपाठ.
चारशे पावलांवर राहणारी माणसं
आपण आपणच आहोत हे पटवून द्यायला
माझ्यापुढे उभी राहायची,
बुटांवरचा बर्फ माझ्या फरशीवर वितळवत.

काय काय सह्या पाहिल्या.
डॉक्टरीणबाईंची नुसती एक आडवी रेघ, नाडी थांबल्यासारखी.
वुओरीबाई शाळेतल्या, त्यांचं प्रत्येक अक्षर
ओळीवर ताठ बसलेलं, बोट वर करून.
एकानं तर सहीच्या जागी लिहिलं होतं, ओळखपत्र मागा.
मी मागितलं, तर माझ्यावरच भडकला.

आर्विड केस्किनेन दुकानात क्वचितच यायचा.
इल्मी यायची.
खिळे, कंदिलाच्या वाती, उंदराचे सापळे.
कार्ड नवऱ्याचं, सही हिची, झोकात,
आडनावातल्या के-चा पाय
सबंध नावाखालून लांबवत न्यायची,
जणू नाव खालून झाडून घेतेय.
जुळायची. तंतोतंत.
मी काही विचारलं नाही.
माणूस नको बघूस, असंच ना ठरलेलं?

मार्चमध्ये ती गेली.
जमीन दगडासारखी गोठलेली, दफन मे महिन्यात व्हायचं होतं.
त्या मधल्या दिवसांत आर्विड आला,
एक पितळी कडी हवी होती त्याला.
पावतीवर सही केली, कोंबडी चिखलातून गेल्यासारखी.
मी कार्ड उलटलं.
तिथं इल्मी.

जुळत नाही, मी म्हणाले.
तोंडातून निघून गेलं, एवढ्या वर्षांची सवय.

कशी जुळेल, तो म्हणाला.
बँकेतून कार्ड आलं की तीच बसायची पेन घेऊन,
ओट्यावर पीठ फुगत ठेवलेलं असायचं.
म्हणायची, तुझं अक्षर बघून
कुणी सुतळीचा तोडासुद्धा उधार देणार नाही.

मग त्यानं लायसन्स काढलं.
फोटो त्याचाच, सहीही तीच कोंबडी.
पुरे होतं की. मी कडी कागदात गुंडाळायला घेतली.
थांब, म्हणाला, दुसरी पावती काढ.

कार्ड शेजारी ठेवून,
दातांत जीभ धरून,
तो आपलंच नाव बघून बघून उतरवू लागला.
पहिल्यांदा के मोडला.
दुसऱ्यांदा पाय वळला पण नावाखाली शिरेना.
मागे रांग वाढलेली, कुणी खाकरलंसुद्धा नाही.
तिसऱ्या पावतीवर पाय निघाला,
ए-पर्यंत जाऊन पोचला,
शेवटी जरासा थरथरला.

बघ आता.

मी पाहिलं. उजेडाकडे धरून, नियमाप्रमाणे.
जुळत नव्हती.
जुळते, म्हणाले.

आता काउंटरवर मशीन आहे.
कार्ड नुसतं जवळ न्यायचं, ते टुंग करतं,
पाठ कुणी उलटत नाही.
नव्या कार्डांवर तर पट्टीच नसते.
पेल्टोसाहेबही राहिले नाहीत.

परवा आर्विडनं जुनं कार्ड पुढे ठेवलं,
मुदत संपून सहा वर्षं झालेलं.
कापून टाकू? मी कात्री घेतलीसुद्धा.
त्यानं झटकन हात ठेवला त्यावर.
सदऱ्याच्या खिशात घासून घासून पट्टी विरलीय,
खालून 'रद्द' हा छापील शब्द वर येऊ लागलाय,
पण के-चा पाय शाबूत आहे.
यावर लावायला काही मिळेल का, विचारत होता,
आरपार दिसेल असं.

चिकटपट्टीचा तुकडा कापला, मापानं.
मध्ये एक बुडबुडा राहिला.
तो मी नखानं कडेपर्यंत नेला, हळूहळू,
अक्षराला धक्का न लावता.