तीन मजली चहा

भिशी यंदा माझ्या नावावर उठली
तेव्हा विजयमाला म्हणाली, कुकर नको, मिक्सर नको,
ताराबाई पार्कातल्या त्या मोठ्या हाटेलात
चार वाजताचा चहा प्यायचा.
शालननं दर विचारला.
दर ऐकून शमशाद दुकानाच्या पायरीवरच बसली :
"एवढ्यात माझ्या घरात पंधरा दिवस मटण शिजतंय."
आणि ठरल्या दिवशी सगळ्यांत आधी तीच तयार,
कानामागं अत्तर लावून.

दारातल्या पोरानं दार उघडून धरलं
आणि आम्ही चौघी थांबून राहिलो,
तो आधी आत जाईल म्हणून.

खुर्च्या अशा मऊ
की बसण्याआधीच उठायचा विचार करून ठेवावा.
चहा वेगळा, दूध वेगळं, साखर वेगळी,
वाटण्या झालेल्या भावांसारखी.
मग आली ती तीन मजली ताटली.
खाली काकडीचे सँडविच, कडा कापलेले.
"कडा कुठं गेल्या?" शालननं विचारलं.
काढून टाकतो मॅडम, वेटर म्हणाला.
शालन मॅडम झाली,
आणि कडांचा विषय तिथंच राहिला.

सगळ्यात वर बोटाच्या पेराएवढे केक,
त्यांच्यावर सोन्याचा वर्ख.
नखानं उचलून पाहिला. खरा होता.
सव्वीस वर्षं गुजरीत बसून सोनं ओवते मी,
खाल्लं पहिल्यांदाच.
चव नाही त्याला. कसलीच.

पुढच्या टेबलावर एक बाई
आमच्याकडे पाठ करून
केकचा फोटो काढत होती, मान वाकवून.
मानेवर साजाचा गोंडा.
समोरून बघायची गरजच नव्हती मला.
ती गाठ माझी.

पटवेकऱ्याची गाठ म्हणजे सहीच.
मी शेवटचा पेड उलटा घेते.
सासऱ्यांनी तसं शिकवलं नव्हतं,
चुकून लागलेली सवय, मग सोडवली नाही.

दोरा उसवला होता.
लाल रेशमावर केसांचं तेल,
दोन-तीन तंतू उभे राहिलेले.
अजून एखादं लग्न निघेल, फार तर एक बारसं,
मग एकवीसच्या एकवीस पानं
कुठल्यातरी मांडवात पायांखाली.

हात उठला माझा. खरंच उठला.
जिभेवर आलंच होतं, वहिनी, मान जरा खाली घ्या.
मेणाचा खडा पाकिटात असतो,
सुई पदराच्या आत टोचलेली असते,
पाच मिनिटांचं काम.
आणि शेवटी तिनं विचारलं असतं, किती झाले?

मी विजयमालाच्या पुढ्यातला
शेवटचा केक उचलला.
हळूहळू खाल्ला.
सुटत चाललेल्या माझ्या गाठीकडे
बघत बसले नुसती.

पायाचा अंगठा तेवढा ऐकेना.
दोरा आम्ही त्यालाच अडकवून ओढतो;
टेबलाखाली, चपलेत,
तो आपला ताणून धरून बसलेला.

एवढं महाग काही
मी आजवर घेतलं नव्हतं.
चहाचं बिल त्यामानानं किरकोळ.

येईल ती. सणाच्या आधी सगळ्याच येतात,
रुमालात पुरचुंडी घेऊन.
तेव्हा मी चष्मा लावीन
आणि पहिल्यांदाच पाहिल्यासारखं म्हणीन,
लई दिवस काढले की हो या गाठीनं.

बाहेर आलो तर शमशाद म्हणाली,
"मी तर उपाशीच उठलो बघ."
मग रिक्षा करून गंगावेस.
कट्ट्यावर म्हशी पिळायला उभ्याच होत्या.
चार ग्लास धारोष्ण, वर चार बोटं फेस,
उभ्या उभ्या, पदरानं ओठ पुसत.

शालन मात्र निम्मा ग्लास हातात धरून
कुठंतरी बघत होती.
म्हणाली,
"त्या कडा मागून आणायला पाहिजे होत्या गं."