पेरू

पहिलीला मी क ख ग पासून सुरू करत नाही.
आधी म, क, ल, र आणि एक काना.
एवढ्यावर मका होतो, माल होतो,
काम होतं, कामाला होतं.
साखर पेठेत एवढं आधी लागतं.

भिंतीपलीकडे पावरलूम,
सकाळी सातपासून त्याची एकच बाराखडी.
तिच्यावर आवाज चढवून आम्ही शब्द टाळ्यांनी मोडतो.
चादर. चा, दर. टाळ्या दोन,
पाटीवर अक्षरं तीन.
पावरलूम लिहायला पाच, वाजवायला तीन.
"मग दोन कुठं गेले ओ बाई?"
ओगसिद्धला सगळ्याचा हिशोब लागतो.

मी सांगते, प्रत्येक अक्षराच्या पोटात एक अ असतो,
बोलताना आपण तो कधी कधी गिळतो.
"कधी कधी म्हणजे कधी?"
हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नाही.
जिभेला कळतं, म्हणाले.
कुणाच्या जिभेला, ते म्हणाले नाही.

मानसा म्याकल, दुसऱ्या बाकावर.
आई विड्या वळते, दप्तराला तंबाखूचा वास,
घरात तेलुगू.
दिवाळीपर्यंत तिने वर्गात फक्त
पाणी मागितलं, तेही बोटाने.
मग एक दिवस उभी राहिली आणि घर वाचलं.
घ. र.
घरऽ.
शेवटचा अ तिने दाराबाहेर नेऊन ठेवला.
वर्ग हसला.
मी म्हटलं, घर म्हण गं, तोंड मिट, घर.
तिने र कडे खाली वाकून पाहिलं.
र चा पाय मोडलेला नव्हता.
पुन्हा म्हणाली, घरऽ.
मी वहीत लिहिलं: उच्चार सदोष.

त्यानंतर चित्रकार्डं.
चित्र मुडपून आत, शब्द तेवढा बाहेर,
नाहीतर पोरं फळ बघतात आणि वाचलं म्हणतात.
मानसाने बोट ठेवलं.
प ला एक मात्रा. पे.
र ला दुसरा उकार. रू.
पे, रू.
पेरू.
एका दमात, कुठेही न अडखळता.
मी खूश. विचारलं, म्हणजे काय?
ती ताठ झाली, हात बाजूला घेतले
आणि म्हणाली, "मानसा."

हसू फुटलं. कार्ड उलगडून मी हिरवा पेरू दाखवला,
ती त्याच्याकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिली,
पाहुण्यांनी विचारलेलं सांगून झाल्यावर
मुलं बघतात तशी.
"बाई," ओगसिद्ध म्हणाला,
"तिच्यात नावाला पेरू म्हणतेत की.
तुम्ही नाव विचारलाव, तिनं सांगितली."

कार्ड माझ्या हातात.
तिने वाचलं होतं. सगळं बरोबर वाचलं होतं.
अर्थापर्यंतसुद्धा गेली होती,
मीच दुसऱ्या दारात उभी होते.

दुपारी आई आली, सुपातला तुकडा तंबाखू
अजून पदराला चिकटलेला.
मी म्हटलं, तुमची मानसा म्याकल चांगली वाचते.
"म्याकला," ती म्हणाली.
मला नव्हे, पोरीला, सहज,
केसातली पिन नीट करत.

हजेरीपट काढून पाहिला.
म्याकल. माझंच अक्षर.
ल पुरा, पाय धड.
जूनपासून रोज सकाळी
पोटातला अ मीच खात होते,
आणि तिचं 'घरऽ' मात्र सदोष.

दुसऱ्या दिवशी हजेरीला लाईट गेलेली,
माग गप्प.
मानसा, म्हटलं, म्याकल,
आणि तोंड थोडं उघडं ठेवलं.
म्याकलऽ.
अजून पुरतं जमलं नव्हतं.
"हजर बाई."
पहिल्यांदा ऐकू आलं, मागच्या बाकापर्यंत.

"माझं नाव किती टाळ्याचं?" ओगसिद्ध.
वाजव, म्हटलं.
ओग. सिद्. ध.
तीन. शेवटच्या टाळीला तोंड उघडंच राहिलं त्याचं.
"बाई, माझा अ कुणी खाल्ला न्हाई!"
जोडाक्षर आहे ना, मी सांगू लागले, त्याचं काय होतं,
आणि लाईट आली.