शेरा

वार्डो बेटावर नोव्हेंबरात दुपारी एकलाच दिवे लागतात.
तूरिल तेव्हा चौदाची.
निबंध होता कॉड माशांच्या जिभा कापण्यावर.
खाऊच्या पैशांसाठी तिथली पोरं कापतात:
डोकं खिळ्यात रुतवायचं, एक घाव, जीभ बादलीत.

खाली ओडवार सरांचा एकच शब्द, पेन्सिलीत.
'खरं' की 'मिळमिळीत'?
त्यांच्या भाषेत दोहोंत अंतर जेमतेम दीड अक्षराचं,
आणि सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

भाऊ म्हणाला, मिळमिळीत.
आईनं कागद दिव्याजवळ नेला. म्हणाली, खरं असेल गं.
पण ती आईच.
सरांना विचारायचं? छे.
पुढचा प्रत्येक निबंध तिनं दोनदा लिहिला,
एकदा खरं म्हणणाऱ्यासाठी,
एकदा जांभई देणाऱ्यासाठी.

एकतीस वर्षांनी सर भेटले, धक्क्यावर, बोटीची वाट बघत.
तिनं पाकिटातून चतकोर कागद काढला.
सरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
कागद नाकाशी धरला, उलटाही करून पाहिला.
"अक्षर माझंच," म्हणाले, "पण लागत नाही.
निबंध दे बघू. वाचला की कळेल काय म्हणालो असेन."

निबंध?
तो तिनं त्याच रात्री चुलीत घातला होता,
शेऱ्यापुरता कोपरा फाडून घेऊन.

"बरं, आठवतो तेवढा सांग."
बोट धक्क्याला लागत होती, दोर फेकले जात होते.
"बादलीत पडल्यावरही," तूरिल म्हणाली,
"त्या जरा वेळ हलायच्या."