डोळ्यांवर काही नको

याय अस्तूने खोका काउंटरवर ठेवला
तसा दुकानात धूर आला.
मासळी धुरावणाऱ्या बाईचा धूर
तिच्याआधी येतो, तिच्यानंतर जातो.
आमच्या बार्न्यीत त्याबद्दल कुणी बोलत नाही.

फोन नवा, लेकाने धाडलेला,
काचेवरची पातळ फिल्म अजून अंगावर.
मी नखाने टोक उचललं
तर म्हणाली, थांब, ते मला करू दे.
आणि सावकाश सोलली,
खारवलेल्या माशाची कातडी सोलावी
तशी, एकसंध.
मग घडी करून कमरेला खोचली.
कशाला, ते मी विचारलं नाही.

फोनने विचारलं: भाषा?
यादी लांबलचक. बोट दुखेपर्यंत सरकवली.
आइसलँडची होती.
आमची नव्हती.
मी फ्रेंच निवडली, दरवेळी निवडतो तशी.
तिला फ्रेंच वाचता येत नाही,
वोलोफही वाचता येत नाही.
म्हणाली, वाचायचं काम त्याचं. मी बोलेन.

मग बोटाचा ठसा.
अंगठा ठेवा. उचला. पुन्हा ठेवा.
फोन थरथरला, नाही म्हणाला.
डावा. नाही. तर्जनी. नाही.
तीस वर्षं निखाऱ्यांवर मासे उलटणाऱ्या हातांवर
रेषा कुठून शिल्लक राहणार?
मी फडक्याने काच पुसली, उगाच,
चूक काचेची असल्यासारखी.
ती हसली.
ओळखपत्राच्या कचेरीतही हेच झालं, म्हणाली,
शाई उमटते, मी उमटत नाही.

राहिले चार आकडे.
लोक मला आकडे मोठ्याने सांगतात.
मान फिरवतो, खोकतो, तरी सांगतात.
अर्ध्या बाजाराच्या जन्मतारखा,
लग्नाची सालं, आणि एकाचं तर
मेहुण्याकडून घेतलेलं कर्ज
माझ्या डोक्यात चार-चार आकड्यांनी पडून आहे.
ती मात्र पाठ करून बसली.
चारदा टकटक ऐकू आली,
चौथीआधी जराशी थांबून.

आता फोटो, म्हणाली. इब्राचा. मोठ्ठा.
इब्रा अल्मेरियाला असतो,
प्लास्टिकच्या छपरांखाली टोमॅटो तोडतो.
फोटोत मात्र कुणाच्या तरी लाल गाडीला टेकून उभा.
मी तो मागे लावला,
आणि त्याच्या चेहऱ्यावर लगेच
हवामान, कॅमेरा, बँक येऊन बसले,
माशीला काय, कुठलंही ताट चालतं.

हे हलव. याच्या डोळ्यांवर काही नको.

हलवलं. कॅमेरा खाली, बँक कोपऱ्यात,
हवामान दुसऱ्या पानावर.
हिरवं चिन्ह तिचा अंगठा सहज पोचतो तिथे,
रंगावरून ओळखेल म्हणून.
अर्धा तास गेला. एक गिऱ्हाईक चार्जर न घेताच गेलं.
झालं, मी म्हणालो.

अजून आहे की, डोळ्यांवर.

याय, तो गॉगल आहे.
तो इथून निघत नाही.

तिने हिरवं चिन्ह दाबलं, शिकवायच्या आधीच,
आणि फोन तोंडापाशी धरून ओरडली,
समुद्रापलीकडे फोनशिवायच ऐकू जाईल अशी:
चष्मा काढ आणि पुन्हा पाठव!
मला पैशांवर दोन धुरावलेले मासे वर दिले.

तिसऱ्या दिवशी परत आली. बदलून दे, म्हणाली.
नवा फोटो खोलीतला. बल्बचा उजेड.
मागे दोरीवर तीन माणसांचे कपडे,
आणि गॉगलविना इब्रा,
डोळे सुजलेले, खाली काळं,
हसतोय, पण फक्त तोंडाने.

मी लावला.
ती बघत राहिली. पडदा आपोआप विझला,
तिने पुन्हा चार आकडे दाबले, पाठ न करता.
मी मान फिरवली.

बऱ्याच वेळाने म्हणाली,
असू दे आता काहीतरी वर.

मी घड्याळ ओढून खाली आणलं,
दोन वेळा दाखवणारं,
एक इथली, एक त्याची.
नेमकं बसलं.