मणी मोजून घ्या

सातपूरच्या शाळेत गच्चीच्या कठड्याला
एक दोरी बांधलीय, दोरीला गाठी.
जमिनीपासून एक मीटर, दोन, तीन,
चौथी कठड्याशीच.
खाली खडूचं वर्तुळ.
वर्तुळात कोणी उभं राहायचं नाही, हा पहिला नियम.
दुसरा : टाकण्याआधी मणी मोजायचे,
पडल्यावर पुन्हा मोजायचे,
आणि वहीत खोटं लिहायचं नाही.

थॉम्सन, दोन किलो, माझ्या पगारातून.
(तीन घड मोजण्याआधीच संपले.
तीही नोंद वहीत आहे.)

अजहरनं थर्माकोल कोंबला, इतका
की झाकण लावतानाच रस गळाला.
हर्षल पगारेनं पिशवीची छत्री केली;
वारा कारखान्यांच्या बाजूनं आला
आणि पेटी मुख्याध्यापकांच्या स्कूटरवर.
हसू नका, म्हटलं. वारा लिहा.

फळ्यावर माझं सूत्र होतं, बल आणि वेळ,
बी.एस्सी.ला घोकलेलं,
कधी हातात न धरलेलं.

रेणुका गांगुर्डे तीन दिवस गप्प.
तिची आई पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये
दिवसभर घड उचलते, देठाला धरून;
बोट लागलं की मण्यावरची पांढुरकी झाक पुसते
आणि सुपरवायझर बोलतो.
चौथ्या दिवशी रेणुका म्हणाली,
बाई, घड कधी बसतच नाही ना.
तो टांगलेला असतो.
मग आपण त्याला बसवतोय कशाला?

सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या चार पट्ट्या,
पेटीच्या चार कोपऱ्यांतून,
मधोमध देठ.
खाली गादी नाही, भुसा नाही, काहीच नाही.
मी म्हणणार होते, या रिकाम्याला मार्क कुठे देऊ?
तोंडाशी आलेलं गिळलं.

चौथी गाठ.
पेटी आपटली. आत घड खाली गेला, वर आला,
पुन्हा थोडा खाली,
झोक्यावरून उतरायला तयार नसलेल्या पोरासारखा.
सूत्रातला वेळ
मी पहिल्यांदा हलताना पाहिला.

एकसष्ट होते. भरले साठ.
एक वर्तुळाबाहेर सापडला, सुटलेला, पण न फुटलेला.
मग भांडण : सुटलेला धरायचा की नाही?
घंटा झाली, रिक्षावाले काका हॉर्न देऊन थकले,
रेणुका देठ उजेडात धरून बघत होती.
एक पट्टी ढिली बसलीय बाई, म्हणाली, उद्या परत.

वर्तुळात अजहरच्या रसाला मुंग्या लागल्या होत्या.
कोणी उभं राहायचं नाही,
पहिलीतलं एक पोरगं
वाकून त्यांना सांगत होतं.