पाण्याची वही

गायधनी गुरुजी काट्यावर चढतात
आणि भिंतीकडे बघतात.
दोन किलो आठशे जास्त.
"पाणी किती प्यालात?"
"पाणी नाही गं. तीर्थ."

चाळीस वर्षं रामकुंडात कमरेइतकं उभं राहून
लोकांच्या पितरांना ओंजळी सोडल्या;
आता दिवसाला पाऊण लिटर,
वरण, चहा, गोळीचा घोट धरून.

मी वाद घातला नाही.
पळी मागवली, सिरिंजनं मोजली: सहा मिली.
वहीत चहाखाली ओळ आखली.

सुई टोचताना म्हणाले, "तुझे वडील?"
"युसूफ. किडनीनंच गेले."
मशीन घरघरत राहिलं.

शुक्रवारी दीडच किलो.
वहीत त्यांचं थरथरतं अक्षर:
तीर्थ निरंक.
आजची पळी गंगेत, युसूफसाठी.

चालतं का, त्यांनी विचारलं नाही.
मी वजन लिहून घेतलं.