पयले उंदीर मार

हर्षाली वहिनी, मोबाईल आडवा धर.
चार्जर लावूनच बस, लाईन अकराला जाते,
आन् ऐन मारामारीत बॅटरी संपली
तं समोरचा थांबत नाही.

नाव खरं टाकू नको. आडनाव तं मुळीच नाही.
मी तिथं तीन वर्षांपासून तिरपी चिमणी आहे,
कोणाले माहीत नाही मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाले,
सिंदेवाहीच्या बसमध्ये उभी राहून जाते.

आता रूप घे. परी आहे, लांडग्याच्या तोंडाची आहे,
ही उंच, केस कमरेपर्यंत.
बुटकी?
कुऱ्हाडवाली बुटकी?
मले वाटलं तू परी घेशील.
बरं. बुटक्यांचा जीव चिवट असते.

विहिरीजवळ म्हातारा दिसते ना,
डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह?
त्याचं सगळं ऐकून घेजो.
मी पुढे, पुढे, पुढे दाबत गेली
आन् आठ दिवस दार कसं उघडते तेच कळलं नाही.
तो म्हणते, कोठारातले दहा उंदीर मार.
लाजू नको. जे आज अजगरावर बसून उडतात
त्याईनंही इथंच शेपट्या मोजल्या.

लाकडी कुऱ्हाड विकू नको, दोन नाणी येतात फक्त.

जंगलात एकटी जाऊ नको.
हे तुले काय सांगू,
मोहफुलाले आपण जातो कशा?
पाच जणी, उजाडल्यावर, मुद्दाम मोठ्यानं बोलत,
एक वाकली की दुसरीनं तिची पाठ पाहायची.
तसंच.
इथं जनावराच्या डोक्यावर आकडा असते,
लाल दिसला की पळायचं.
आपल्या बोडीवर येते त्याले आकडा नसते,
म्हणून मले हा खेळ सोपा वाटते.

मरशील. पयल्याच रात्री चार-पाच डाव.
ओरडू नको, आई उठते.
मेली की दगडापाशी उभी राहशील, राखाडी, हलकी.
चालत जाजो आपल्याच मढ्यापाशी
आन् त्याच्या खिशातून आपलंच सामान काढजो.
सात नाणी कापतात. बस, सात.

फुकट सोनं देतो म्हणणारे भेटतील.
आम्हाले काही नको, फक्त पोरगी द्या,
असं म्हणणारे आठव.
हो, आमच्याच घरचे होते.
कोणी विचारलं, तू बाई आहे का,
तं सांगजो, मी कुऱ्हाड आहे.

टोळी लागते. आमच्या टोळीत एक पोट्टा मेहकरचा,
रात्री जिनिंगवर काटा पाहते,
कापसाची गाडी आली की मधातच उभा राहून जाते.
एक नागालँडची, तिचं बोलणं कोणालेच कळत नाही,
ढाल मात्र येते वेळेवर.
मी मागे राहून जखमा भरते.
भरणारीले कोणी शाबासकी देत नाही, वहिनी.
तिले पयले वाचवजो.

रेंज टाकीच्या तिसऱ्या पायरीवर. चौथीवर नाही.

आन् एक गोष्ट मले अजून सुटली नाही:
सूरतहून दादाचा फोन आला
की खेळ आपोआप मिटते,
आन् तू जिथं उभी तिथं नुसती उभी राहते,
मार खात.

काल आला होता. पुलावर, राक्षस समोर,
तू नवव्या लेव्हलवर.
मी पाहत होती तुह्या अंगठ्याकडे.
तू फोन कापला, कुऱ्हाड फेकली,
राक्षस पडला,
मग तू पदर सारखा करून फोन लावला
आन् म्हणाली, झोपली होती जी.

आज विचारते,
त्या काळ्या तळ्याच्या आत जाता येते का?
माहीत नाही.
तीन वर्षांत मी काठावरूनच फिरली,
कोणी सांगितलंच नव्हतं तिकडे काही आहे म्हणून.
थांब.
चार्जर इकडे दे.
मीही येते.